दुकानाचे लिखाण कोणाच्या जागेवर?

मार्च २०२४ मध्ये गूगलने आपली एक फुकटची सोय बंद केली. दुकानाची गूगलवर नोंद केली की पत्ता, फोन क्रमांक आणि चार छायाचित्रे घेऊन एक छोटी वेबसाइट तयार करून मिळत असे. तिच्या पत्त्याच्या शेवटी 'बिझनेस डॉट साइट' असे शब्द असत. पैसे लागत नसत, कोणा जाणकाराकडे जावे लागत नसे. सोय बंद झाल्यावर त्या पत्त्यावर येणाऱ्यांना जून २०२४ पर्यंत दुकानाच्या गूगल नोंदीकडे वळवले गेले, पुढे तेही थांबले. ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, बिलबुकावर, कापडी पिशवीवर छापून घेतला होता, त्यांच्या हाती छापील कागद तेवढा राहिला.

यात कोणी फसवणूक केली असे म्हणता येणार नाही. जागा ज्याची होती त्याने ती मागे घेतली, एवढेच. पण या प्रसंगातून जो प्रश्न उभा राहतो तो आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांना आज ना उद्या सोडवावा लागणार आहे. इंटरनेटवर आपल्या धंद्याविषयी लिहावयाचे तर ते कोणाच्या जागेवर लिहावे? आणि गिऱ्हाईक गूगलवर शोध घेईल तेव्हा आपले नाव वर दिसावे, यासाठी कोणती जागा बरी?

धंद्याविषयीच्या अशा लिखाणाला ब्लॉग म्हणतात. नाव परके असले तरी वस्तू परकी नाही. गिऱ्हाईक दुकानात बसून जे दहा प्रश्न विचारते, त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून सर्वांसाठी खुली ठेवणे, म्हणजे ब्लॉग.

मिरजेचे उदाहरण घेऊ. तेथील सतारमेकर गल्लीत शिकलगार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडविले आहेत. हत्यारांना धार लावणारी ही मंडळी पुढे वाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आता समजा, धारवाडचा एखादा विद्यार्थी किंवा लंडनमध्ये राहणारे एखादे मराठी कुटुंब गूगलवर विचारते, तंबोऱ्याची जवारी बिघडली हे कसे ओळखावे? घोडीवर तारेखाली सरकवावयाचा दोरा कोणता घ्यावा? भोपळ्याला चीर गेली तर तो दुरुस्त होतो का? या प्रश्नांची उत्तरे मिरजेच्या कारागिरापेक्षा कोण चांगली देणार? पण ती त्याच्या तोंडात आहेत, कागदावर नाहीत. मग उत्तर कोठल्या तरी परदेशी दुकानाचे दिसते आणि गिऱ्हाईकही तिकडेच जाते.

हे पटले की कारागिराचा शिकलेला मुलगा किंवा पुतण्या लिहावयास बसतो, आणि बहुतेक वेळा पहिली चूक तेथेच होते. जी जागा फुकट आणि पाच मिनिटांत मिळते, ती तो घेतो.

बाजारात पत कशी ठरते

जागेचा प्रश्न समजण्यासाठी शोधयंत्र, म्हणजे सर्च इंजिन, कोणाला वर आणि कोणाला खाली दाखवते हे थोडे पाहू. १९९८ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी जी रीत मांडली, तीवर गूगलचा पाया घातला गेला. तिला पेजरँक म्हणतात. तिचे मर्म आपल्या बाजारपेठेला नवीन नाही. परगावचा व्यापारी मालेगावात प्रथमच कापड घ्यावयास उतरला तर तो काय करतो? चौघांना विचारतो की माल कोणाचा खात्रीचा. नाक्यावर रिकामे उभे असलेल्या दहा जणांनी एक नाव घेतले आणि दोन जुन्या पेढीवाल्यांनी दुसरे घेतले, तर तो पेढीवाल्यांचे ऐकतो. इंटरनेटवर एका साइटने दुसरीचा दुवा दिला, म्हणजे लिंक दिली, की ती एक शिफारस समजली जाते, आणि शिफारस करणाऱ्याचीच पत मोठी असेल तर तिचे वजनही मोठे.

आज गूगल याखेरीज इतर असंख्य गोष्टी पाहते. मजकूर प्रश्नाचे उत्तर देतो का, पान मोबाइलवर नीट उघडते का, किती वेगाने उघडते, हे सारे हिशेबात येते. तरीही शिफारशींचे महत्त्व संपलेले नाही. आणि मुद्दा असा की शिफारस एका पत्त्यावर जमा होते. एखाद्या संगीत विद्यालयाने आपल्या साइटवर लिहिले की जवारीविषयी अमक्या कारागिराचा लेख वाचावा, तर ती पत त्या लेखाच्या पत्त्याला मिळाली. तो पत्ता आपला असेल तर गल्ला आपला. दुसऱ्याचा असेल, तर दुसऱ्याच्या घरात ठेवलेला पैसा.

चार जागा

ब्लॉग ठेवण्याच्या जागा मुख्यतः चार आहेत. पत्ते समजावेत म्हणून दुकानाच्या साइटचे नाव 'अमुक डॉट कॉम' आहे असे धरू.

पहिली जागा फुकटची. 'अमुक डॉट ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' हा गूगलच्या ब्लॉगरवरील पत्ता झाला, 'अमुक डॉट वर्डप्रेस डॉट कॉम' हा वर्डप्रेस डॉट कॉमवरील. मीडियम नावाच्या ठिकाणीही असेच लिहिता येते. हे गाळे दुसऱ्याच्या इमारतीत आहेत. वीज-पाणी मालकाचे, पाटी मालकाची आणि नियमही मालकाचे. आपल्या नावामागे त्याचे नाव लागते. मालक मोठा म्हणून आपली पत आपोआप वाढते असा समज आहे, तो खरा नाही. त्या इमारतीत लाखो भाडेकरू आहेत, त्यांत चांगले आहेत तसे भुरटेही आहेत, आणि शोधयंत्र सर्वांना एका मापाने मोजत नाही.

इमारती पडतात, हेही अनुभवास आले आहे. १९९४ मध्ये सुरू झालेली जिओसिटीज ही फुकट साइट देणारी त्या काळची सर्वांत गाजलेली जागा होती. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. जून २०२० च्या अखेरीस आपल्या सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा ज्या दुकानदारांनी सारी गिऱ्हाइकी तेथेच जमवली होती त्यांना आवराआवर करण्यासही सवड मिळाली नाही. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. आपल्या मुद्द्यापुरते इतकेच की जमवलेले गिऱ्हाईक बरोबर नेता आले नाही.

दुसरी जागा म्हणजे ब्लॉगसाठी दुकानाच्या नावापेक्षा निराळे, स्वतंत्र नाव विकत घेणे. ऐकावयास हे बरे वाटते. पण ही एका भांडवलावर उघडलेली दोन दुकाने. जवारीच्या लेखाला मिळालेल्या शिफारशी या नावावर, विक्रीचे दुकान त्या नावावर, आणि दोन्ही अर्धपोटी. धंदाच वेगळा असेल, जसे एक भाऊ वाद्ये करतो आणि दुसरा लाकडाची वखार चालवतो, तर वेगळे नाव योग्य. एरवी ही उधळपट्टीच.

तिसरी जागा सबडोमेन. पत्ता असा होतो: 'ब्लॉग डॉट अमुक डॉट कॉम'. चौथी जागा सबफोल्डर, आपण पोटकप्पा म्हणू. त्याचा पत्ता 'अमुक डॉट कॉम', मग तिरकी रेघ, मग 'ब्लॉग'. तिसरीत आपल्याच आवारात परंतु वेगळ्या दाराची खोली असते, चौथीत दुकानातच एक जास्तीचे कपाट. खरा वाद या दोहोंतच आहे.

पोटकप्पा की वेगळे दार?

यावर जाणकारांची वर्षानुवर्षे जुंपलेली आहे. गूगलतर्फे बोलणारे जॉन म्यूलर यांनी २०१७ मध्येच स्पष्ट सांगितले की गूगलच्या शोधाला दोन्ही चालतात, आपणास सांभाळण्यास जे सोपे ते करा. उलट या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेकांचा, त्यांत मोझ या संस्थेचे एक संस्थापक रँड फिशकिन हेही आले, आग्रह पोटकप्प्याचा आहे. त्यांचे म्हणणे असे की सबडोमेनवरील लिखाणाची पत मुख्य साइटला पुरती पोहोचतेच असे नाही.

माझे मत विचाराल तर लहान धंद्याने पोटकप्पाच धरावा. याचे कारण गूगलच्या गुपितात नाही, आपल्या सोयीत आहे. एकच साइट, एकच सॉफ्टवेअर, एकच पासवर्ड, एकदाच केलेली दुरुस्ती. लेख वाचून संपतो तेथेच खाली तंबोऱ्याची छायाचित्रे आणि दर दिसतात, गिऱ्हाइकाला दुसऱ्या दारी जावे लागत नाही. लेखांतून मालाकडे आणि मालाकडून लेखांकडे दुवे देणेही सहज होते, आणि या घरातल्या दुव्यांनीच शोधयंत्राला कळते की या साइटवर कोणते पान महत्त्वाचे. दोन जागा सांभाळावयाच्या म्हटले की सणासुदीच्या घाईत एकीवर धूळ बसते, हे आपण सर्व जाणतो.

वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर स्वतःच्या जागेवर बसविले तर दुकान आणि ब्लॉग एकाच घरात राहतात. हे वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट गाळ्याहून वेगळे, नावसाधर्म्यामुळे गोंधळ होतो. शॉपिफायवर दुकान असेल तर ब्लॉगचा कप्पा त्यातच असतो, तो बहुतेक दुकानदार उघडूनही पाहत नाहीत.

मग सबडोमेन कधी? ज्याच्यापाशी सध्या हजार-बाराशे रुपयांपलीकडे खर्चाची तयारी नाही, त्याच्यासाठी एक मधला मार्ग आहे. आपले नाव विकत घ्यावे आणि ते ब्लॉगरला जोडावे. ब्लॉगर त्यासाठी पैसे घेत नाही आणि कुलपाचे चिन्ह असलेली सुरक्षित जोडणीही देते. पत्ता 'ब्लॉग डॉट अमुक डॉट कॉम' असा ठेवता येतो. ब्लॉगरला पोटकप्प्यात बसविता येत नाही, म्हणून हा अपवाद. जागा गूगलची राहिली तरी पाटी आपली झाली. उद्या जागा बदलली तरी पाटी उचलून नेता येते. जो पूर्वीपासून फुकटच्या ब्लॉगस्पॉटवर लिहीत आहे, त्याने असे नाव जोडले की जुन्या पत्त्यावरील वाचक आपोआप नव्यावर येतात. वर्डप्रेस डॉट कॉमवर अशा वळवणुकीचे दरसाल पैसे पडतात.

मीडियम किंवा लिंक्डइनवर लिहूच नये असे मी म्हणत नाही. तेथे वाचक आहेत. पण लेख आधी आपल्या घरी प्रसिद्ध करावा, मग तेथे न्यावा. मीडियमवर बाहेरचा लेख आयात करण्याची सोय आहे. तिने नेलेल्या लेखावर मूळ पत्त्याची खूण राहते आणि मूळ कोणते हे शोधयंत्राला समजते. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर लिहिलेले मात्र चोवीस तासांत नाहीसे होते. तेथे मजकूर नव्हे, मजकुराचा पत्ता टाकावा.

येथे एक सावधगिरी. कोणी सांगेल की अमक्या मोठ्या वर्तमानपत्राच्या साइटवर पैसे भरून लेख टाका, त्यांच्या नावावर आपण वर येऊ. दुसऱ्याच्या पतीवर स्वार होण्याचा हा प्रकार इतका बोकाळला की गूगलने मार्च २०२४ मध्ये त्याविरुद्ध नियम जाहीर केला आणि मे महिन्यापासून कारवाई सुरू केली. विकत घेतलेल्या शिफारशी तर आधीपासूनच नियमाबाहेर आहेत. "पहिल्या पानावर पहिला नंबर, खात्रीने" असे फोन करणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवावे. पहिल्या क्रमांकाची खात्री कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवले आहे.

नाव कोणाच्या नावावर?

आता ज्या गोष्टीने सर्वांत जास्त नुकसान होते तिच्याकडे येतो. पुण्यातील माझ्या परिचयाचे एक अत्तरवाले आहेत. साइट करून देणाऱ्या एका तरुणाने त्यांचे काम चोख केले. सहा वर्षे अत्तरांवरचे लेख येत राहिले, परगावचे गिऱ्हाईक वाढले. तो तरुण नोकरीसाठी परदेशी गेला आणि फोन लागेना. मग एके दिवशी साइट उघडेना. चौकशीअंती कळले की डोमेन, म्हणजे साइटचे नाव, त्या तरुणाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर नोंदलेले होते. नूतनीकरणाची सूचना त्याला गेली, त्याने पाहिली नाही. मुदत उलटली, नाव दुसऱ्या कोणी उचलले. आज त्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसते. ज्यांनी पूर्वी त्या लेखांचे दुवे दिले होते, त्यांची शिफारस आता जुगाऱ्याला मिळते. साइट करून घेताना मी शेजारीच बसलो होतो आणि नोंद कोणाच्या नावे होते आहे हे मलाही विचारावेसे वाटले नाही.

सबब नाव विकत घेताना मालकाने स्वतःच्या नावे, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर घ्यावे. कारागिराने हवे तर काम करावे, चावी देऊ नये. पहिल्या वर्षी नव्याण्णव रुपये अशी जाहिरात दिसली तर दुसऱ्या वर्षीचा दर आधी वाचावा, खरी किंमत तेथे असते. शक्य तर तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरावेत. भागीदारीचा धंदा असेल तर भागीदारी मोडल्यावर नाव कोणाकडे जाईल हे करारपत्रात लिहून घ्यावे. दुकानाच्या जागेविषयी आपण लिहून घेतो, मग याविषयी संकोच कसला?

'डॉट इन' घ्यावे की 'डॉट कॉम', हा प्रश्न नेहमी येतो. 'डॉट इन' ही भारताची ओळख असून तिचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाकडे आहे. असे नाव मुख्यतः भारतासाठी आहे असे शोधयंत्र धरते. गिऱ्हाईक देशातलेच असेल तर ते उत्तम. परदेशी माल पाठवावयाचा असेल तर 'डॉट कॉम' बरे. नाव रोमन लिपीत, छोटे आणि फोनवर एकदा सांगून कळेल असे असावे. लेख मराठीत लिहिला तरी त्याचा पत्ता रोमन अक्षरांत ठेवावा. देवनागरी पत्ता दुसरीकडे चिकटवला की अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक ती पाहून घाबरतात.

जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्यांविषयी, म्हणजे होस्टिंगविषयी, फार चिंता करू नये. साइट वारंवार बंद पडू नये आणि वेगाने उघडावी, इतके पुरे. पानावरील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे. पेजस्पीड इनसाइट्स या त्यांच्याच फुकट साधनावर आपले पान तपासता येते. पान रखडते ते बहुधा छायाचित्रांमुळे. मोबाइलने काढलेला पाच-सहा मेगाबाइटचा फोटो तसाच चढवलेला असतो, तो आधी लहान करावा. सुरक्षित जोडणीला गूगलने २०१४ पासून थोडे वजन दिले आहे आणि तिचे प्रमाणपत्र आता फुकट मिळते. तेवढ्यासाठी कोणी वेगळे हजार रुपये मागत असेल तर कारण विचारावे.

ज्यांचे लिखाण आधीच दुसऱ्या जागेवर आहे त्यांनी स्थलांतर घाईने करू नये. जुन्या प्रत्येक लेखाचा पत्ता आणि त्याचा नवा पत्ता अशी जोडयादी वहीत करावी. मग जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमची वळवणूक लावावी. तिला जाणकार मंडळी 'तीनशे एक' म्हणतात. जवारीच्या लेखावरून नव्या जागेतील जवारीच्याच लेखावर न्यावे. सर्वांना मुखपृष्ठावर आणून सोडले तर गिऱ्हाईक गोंधळते आणि शोधयंत्रही जुनी पत नव्या लेखाच्या खात्यात मांडत नाही. ही वळवणूक किमान एक वर्ष ठेवावी असे गूगल सांगते. जुने नाव आपलेच असेल तर ते त्यानंतरही सोडू नये. स्थलांतरानंतर काही आठवडे क्रम खाली-वर होतो, त्याने घाबरून पुन्हा जागा बदलू नये. सर्च कन्सोल हे गूगलचे फुकट साधन जोडून ठेवले की कोणते लेख कोणत्या शब्दांनी सापडतात हे दिसते. तेथे पूर्ण डोमेनची नोंद करावी, म्हणजे सबडोमेनचाही हिशेब त्यातच येतो.

मिरजेच्या एका वयस्क कारागिरांना त्यांचा पुतण्या हे सारे समजावून सांगत होता. ते म्हणाले, "बेटा, जागा घेतलीस, पाटी लावलीस. माल काय ठेवणार?" पुतण्या म्हणाला, "चाचा, काल ते धारवाडचे विद्यार्थी आले होते, त्यांना तुम्ही दोरा कसा सरकवायचा ते दाखवलेत ना? तेच पुन्हा सांगा, मी लिहून घेतो." चाचांनी हातातला कानस खाली ठेवला आणि घोडी पुढे ओढली.